पदरमोडीचं गाणं

गौरी-गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात रात्री जायचं असेल, तर वाट विचारावी लागत नाही. ढोलकी वाट दाखवते. भात पोटरीत आलेलं असतं, पावसानं तासाभराची उघडीप दिलेली असते आणि कुठल्यातरी वाडीच्या मांडवातून घुंगरांचा एकसाथ पडणारा ठेका ओल्या हवेत दूरवर ऐकू येत राहतो. संगमेश्वर असो, लांजा असो, गुहागर किंवा राजापूर असो, मांडवातलं चित्र थोड्याफार फरकानं तेच. मधोमध शाहीर बसलेला. त्याला लागून ढोलकीवाला, झांजवाला, मागून सूर धरणारे दोघंतिघं. त्यांच्याभोवती आठ-दहा जणांचा फेर. पायात चाळ, कमरेला शेला, अंगात एकसारखे रंगीत सदरे. शाहिरानं गणाची पहिली ओळ उचलली की फेर हलायला लागतो, आणि तो थांबतो तेव्हा बऱ्याचदा पूर्वेला तांबडं फुटलेलं असतं.

ही आमची जाखडी. मुंबईनं तिला बाल्या नाच म्हटलं. दोन मंडळं समोरासमोर आली की तिचा शक्ती-तुरा होतो. एक बाजू शक्तीची, म्हणजे मायेची आणि प्रकृतीची. दुसरी तुऱ्याची, म्हणजे शिवाची आणि पुरुषाची. आधी एका शाहिराची बारी, मग दुसऱ्याची. गण आणि गवळण झाली की शाहीर पुराणातला एखादा अवघड प्रश्न समोरच्यापुढे टाकतो. उत्तर गाण्यातूनच द्यायचं, आणि उत्तराबरोबर टोमणाही यायचाच. शाळेची पायरी जेमतेम चढलेली माणसं भागवत, रामायण, महाभारत कोळून प्यालेली असतात. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्याही इतक्या जाणकार असतात की शाहिराचा एखादा दाखला चुकला, तर कुजबूज तिथूनच सुरू होते.

या मंडळांवर लिहिणारे नाचाबद्दल लिहितात, वेशभूषेबद्दल लिहितात. मला त्यांची खरी ओळख एका वहीत सापडली. एका मंडळाची जमाखर्चाची वही होती ती, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे हाताळून मऊ पडलेली. डावीकडे जमा: सभासदांची वर्गणी, कार्यक्रमाची सुपारी, प्रेक्षकांतून आलेली बक्षिसं. उजवीकडे खर्च: ढोलकीला शाई, नवी वादी, चाळांचे घुंगरू, सदऱ्यांचं कापड आणि शिलाई, टेम्पोचं भाडं, रात्रीचा चहा, आजारी पडलेल्या एका नाचणाऱ्याला मदत. प्रत्येक वर्षाच्या तळाशी खर्चाचा आकडा जमेपेक्षा मोठा. आणि त्या फरकापुढे वर्षानुवर्षं एकाच वळणदार अक्षरात लिहिलेलं: पदरचे.

कोणी दिले ते लिहिलेलं नव्हतं. ज्याच्याकडे होते त्यानं दिले असणार, एवढंच. अशा वहीवर कुठल्या सरकारी खात्याचा शिक्का नसतो, कुठल्या कंपनीचा करार तिला जोडलेला नसतो. तालमीला कोण आलं नाही याची नोंद मात्र असते. हीच माणसं दिवसा शेतात असतात, रिक्षा चालवतात, आंब्याच्या बागेत राखणीला असतात, बंदरावर मासळी उतरवतात. रात्री ती कलावंत असतात, आणि ते कलावंतपण त्यांनी स्वतः विकत घेतलेलं असतं.

या जिल्ह्याचा इतिहास आठवला की त्या ‘पदरचे’ला आणखी वजन येतं. जाखडी आणि नमन या लोककला सांभाळणारा मोठा वर्ग कुणबी शेतकऱ्यांचा. पिढ्यान् पिढ्या ही माणसं खोतांची कुळं होती. राबायचं यांनी आणि धान्याचा वाटा जायचा खोताच्या वाड्यावर. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. तोवर पायाखालची जमीन दुसऱ्याची होती. गाणं मात्र यांचं स्वतःचं होतं. त्यावर खोताला वाटा मागता येत नव्हता. माणसाकडे स्वतःच्या मालकीचं काहीच उरलेलं नसताना त्यानं गाण्याची मालकी का सोडली नाही, हे त्यावरून कळतं.

मालकीचा हाच धागा मला आयर्लंडच्या एका रॉक बँडपर्यंत घेऊन गेला. त्याचं नाव हॉर्सलिप्स. रत्नागिरीत बसून दूरच्या त्या बेटावरच्या गिटारी ऐकताना मला त्या परक्या वाटल्या नाहीत, याचं कारण त्यांच्या कारकिर्दीत आहे.

१९७० साली डब्लिनमध्ये हा बँड जमला. त्यातले तिघं, एमन कार, बॅरी डेव्हलिन आणि चार्ल्स ओ'कॉनर, एका जाहिरात संस्थेत कामाला होते. बिअरच्या एका जाहिरातीत बँडचं सोंग घ्यायला त्यांना उभं केलं, पण कीबोर्ड वाजवणारा हवा होता. म्हणून जिम लॉकहार्टला बोलावलं. सोंग वठवता वठवता खरोखरचं वाजवायची ओढ लागली आणि १९७२ च्या सेंट पॅट्रिक दिनी त्यांनी पूर्णवेळ बँड म्हणून उडी घेतली. जॉनी फीन हा गिटारवादक त्याच वर्षी येऊन मिळाला आणि पाच जणांचा संच पक्का झाला.

त्या काळी आयर्लंडमध्ये रॉक वाजवणाऱ्याला नाव काढायचं तर लंडनची बोट धरणं भाग होतं. व्हॅन मॉरिसन, रोरी गॅलाघर, थिन लिझी, सगळे घर सोडून गेले आणि मोठे झाले. देशातल्या नृत्यगृहांवर राज्य होतं ‘शोबँड’ मंडळींचं. एकसारखे कोट घालून ती मंडळी परदेशातली गाजलेली गाणी हुबेहूब वाजवत. हॉर्सलिप्सनं दोन्ही वाटा नाकारल्या. देशातच राहायचं ठरवलं आणि आपल्या रेकॉर्ड काढायला ‘ओट्स’ या नावाची स्वतःची कंपनी थाटली. परदेशात रेकॉर्ड विकायला मोठ्या कंपन्यांची मदत घेतली, पण मूळ माल आपल्या घरात ठेवला. पहिल्या अल्बमसाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ आणून टिपरेरी परगण्यातल्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रण केलं. रेकॉर्डचं वेष्टन स्वतः आखलं, काँसर्टिना या हातपेटीच्या आकारात कापलेलं. १९७२ च्या अखेरीस तो अल्बम आला तेव्हा त्यातलं गाणं, चित्र आणि जोखीम, तिन्ही त्यांची होती.

हे वाचताना मला ती लाल वही आठवली, यात नवल नाही. जोखीम स्वतः घेणाऱ्याच्या गाण्यात एक निराळं धैर्य येतं. कोणाची मर्जी राखायची नसते. चुकलं तर आपलं, जमलं तर आपलं. आमचा शाहीर समोरच्या मंडळाला भर मांडवात ललकारतो तेव्हा त्याच्या आवाजात हीच धमक असते.

हॉर्सलिप्सनं गायलं काय, हे तर आम्हा कोकणातल्या माणसांना चटकन कळेल असं आहे. १९७३ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरसाठी एका नाटकाचं संगीत करताना त्यांच्या हाती ‘टॉइन’ ही आयर्लंडची पुराणकथा आली. राणी मेव शेजारच्या अल्स्टर राज्यातला एक अजोड बैल पळवून आणण्यासाठी सैन्य घेऊन निघते, आणि कूखुलिन नावाचा तरुण वीर एकटा तिच्या सैन्याला अडवून धरतो. आपल्याकडे विराटपर्वात कौरव विराटाच्या गाई पळवायला येतात आणि बृहन्नडेचा वेश टाकून अर्जुन एकटा रथावर उभा राहतो. गोधनासाठी झालेली लढाई, एकट्या वीराची झुंज. शक्ती-तुऱ्याच्या शाहिराला ‘टॉइन’ची कथा सांगितली तर तो दुसऱ्या रात्री तिच्यावर सवाल रचील. या बँडनं त्या कथेवर आख्खा अल्बम बांधला. १९७६ मध्ये ‘बुक ऑफ इन्व्हेजन्स’ या नावानं आणखी एक केला, त्यात आयर्लंडमध्ये एकामागून एक येऊन वसलेल्या पुराणातल्या वंशांची कथा. तो ब्रिटनमध्येही गाजला.

‘टॉइन’ अल्बममध्ये ‘डिअरग डूम’ नावाचं गाणं आहे. त्याच्या सुरुवातीची गिटारची धून ऐकली की अंगावर काटा येतो. ती धून या मंडळींनी रचलेली नाही. ओ'नील घराण्याचं सैन्य कूच करताना वाजवायची म्हणून लोकसंगीतात टिकून राहिलेली ती जुनी चाल आहे. तीच फिडलवर वाजली असती तर गावच्या जत्रेतली वाटली असती. त्यांनी ती विजेच्या गिटारवर घेतली, मागे ड्रम लावले, आणि शतकांपूर्वीचं सैन्य पुन्हा चालू लागलं. अशा तऱ्हेच्या संगीताला पुढे ‘केल्टिक रॉक’ असं नाव पडलं आणि हे पाच जण त्याचे आद्य प्रवर्तक मानले गेले.

आमच्याकडे विजेचा सूर निराळ्या दारानं आला. मिरवणुकीत, लग्नात, पालखीपुढे वाजणारा आपला बँजो पाहिलात तर तो कुठल्याच देशाच्या जुन्या वाद्यासारखा दिसत नाही. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर धावतात, उजव्या हातातली नखी तारा छेडते. चाल वाजत असते आणि बाजूच्या तारा एकच सूर अखंड धरून असतात. हे वाद्य मुळात जपानचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते बनवलं, ‘ताइशोगोतो’ या नावानं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते भारतात आलं, बुलबुल तरंग म्हणून ओळखलं गेलं, आणि पुढे कोणीतरी त्याला पिकअप जोडून भोंग्यात सोडलं. आता बँजोपार्टी नाही अशी कोकणातली मिरवणूक विरळा. ट्रॉलीवर जनरेटर, भोंगे, कीबोर्ड, पॅड, आणि पुढे मान खाली घालून बटणांवर बोटं नाचवणारा एक तरुण. त्याला संगीताचा कोणी गुरू नसतो. मोठ्या भावाच्या हाताकडे पाहून तो शिकलेला असतो. आपल्या मातीत रुजलेला विजेचा बँड तो हाच.

या सुरांनी जाखडीतही प्रवेश केला आहे. ढोलकीशेजारी ऑक्टापॅड आला, कीबोर्ड आला. गाण्यांना सिनेमाच्या चाली लागल्या. जुन्या जाणत्यांना ते रुचत नाही, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. मला त्यात एक भेद महत्त्वाचा वाटतो. हॉर्सलिप्सनं जुनी चाल नव्या वाद्यावर चढवली. आमची मंडळं पुष्कळदा जुना मजकूर उसन्या चालीवर बसवतात. वाद्य कुठूनही यावं. जपानचा बँजो आपला झालाच की. चाल मात्र घरची असावी. ज्या गावांना शिमग्याच्या नमनाच्या चाली आहेत, मृदंगावरचे ठेके आहेत, भाताच्या लावणीची गाणी आहेत, त्यांनी उसनवारी का करावी? तरुण शाहिरांपैकी काहींना हे उमगलं आहे. ते जुन्या बुजुर्गांकडून चाली मागून आणतात आणि कीबोर्डवर त्यांचा सूर शोधत बसतात. त्यांच्या बारीला गेलं की जीव सुखावतो.

बँड असो की मंडळ, त्याला राहायला घर लागतं. आमच्या मंडळांचं अर्धं घर मुंबईत होतं. रत्नागिरीचा माणूस शंभरावर वर्षं मुंबईच्या गिरण्यांत राबला. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी या भागांत गावागावाच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी पंधरा-वीस माणसं, ट्रंका भिंतीला लावलेल्या, आणि खुंटीला ढोलकी. दिवसपाळीची माणसं रात्री तालीम करायची. परळचं दामोदर नाट्यगृह ही त्यांची हक्काची जागा. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगनं उभं केलेलं ते रंगमंदिर १९२२ पासून कामगारांच्या नाटकांना, नमनाला, शक्ती-तुऱ्याला आसरा देत आलं. ‘जंगी सामना’ असं ठसठशीत छापलेली हँडबिलं, त्यावर एकमेकांकडे रोखून पाहणारे दोन शाहीर, खाली तिकिटाचे दर आणि वेळ. ती हँडबिलं वाटायचं कामही मंडळच करायचं. २०२३ च्या अखेरीस ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा कितीतरी मंडळांना आपलं माजघर गेल्यासारखं झालं.

त्याआधीचा घाव गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळ जण पुन्हा गिरणीत शिरलेच नाहीत. गावाच्या खोल्या ओस पडल्या. शाहीर गावी परतले, कोणी हमाली धरली, कोणी वॉचमन झाले. पगारच थांबला तेव्हा ‘पदरचे’ द्यायला पदरात काही उरलं नव्हतं. तरी मंडळं मोडली नाहीत. तालमी उशिरा सुरू झाल्या, सदरे जुनेच घातले, टेम्पोऐवजी एसटी धरली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तशी मुंबईतली पुढची पिढी ढोलकी घेऊन गणपतीला सहज येऊ लागली. आता त्या फेरात मुलीही आहेत, आणि बारी गाजवणाऱ्या महिला शाहीरही.

आयर्लंडनंही माणसं बाहेर पाठवली, आमच्यापेक्षा कितीतरी भयंकर कारणानं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. तिथंही जमीनदार आणि कुळं होती, तिथंही कुळांची चळवळ झाली. हॉर्सलिप्सनं १९७७ आणि १९७८ च्या दोन अल्बममध्ये अमेरिकेला गेलेल्या या माणसांबद्दल गायलं. बोटीतून गेलेल्यांचं गाणं गाताना त्यांनी स्वतःही अमेरिकेचे दौरे केले. घर सुटलेल्या माणसाला घरची चाल सर्वांत जास्त लागते, हे भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेल्या आमच्या आज्या-आजोबांना वेगळं सांगावं लागलं नसतं.

त्यांच्या काळात उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात पेटलेलं होतं. ३१ जुलै १९७५ ला मध्यरात्रीनंतर कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतणाऱ्या ‘मायामी शोबँड’ची गाडी बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि तीन वादकांचे जीव घेतले. त्यानंतर कितीतरी मंडळी उत्तरेकडे जायची थांबली. हॉर्सलिप्स जात राहिले. त्यांच्या कार्यक्रमाला दोन्ही धर्मपंथांची पोरं एका छताखाली नाचायची. पुराणकथा दोघांची होती, चाली दोघांच्या होत्या. कला माणसांना जोडते असं आपण भाषणात ऐकतो. या पाच जणांनी ते जिवाची जोखीम घेऊन केलं. म्हणून मला ते मोठे वाटतात.

१२ ऑक्टोबर १९८० ला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. हा शेवटचा आहे असा गाजावाजा केला नाही. ओ'कॉनरनं आपली मोडकी फिडल गर्दीत भिरकावली आणि दहा वर्षांची सोबत संपली. सततचे दौरे, थकवा, प्रत्येकाची वेगळी होत गेलेली ओढ. भांडण-तंट्याविना माणसं पांगली. डेव्हलिननं त्याआधीच यूटू नावाच्या पोरसवदा बँडच्या डेमोला हात लावला होता. तो बँड पुढे जगभर गेला.

योगायोग असा की त्याच १९८० साली आमच्या राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं. मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावच्या हौशी मंडळींनी पदरमोड करून उभ्या केलेल्या नाटकाचीच ती गोष्ट. मालवणी बोली पार लंडनच्या रंगमंचावर जाऊन आली. आपल्या बोलीत, आपल्या माणसांबद्दल बोललं तर ते दूरवर पोचत नाही, हा समज त्या एका नाटकानं कायमचा पुसला.

हॉर्सलिप्सची पुढची कथा मला सर्वांत जवळची आहे, कारण ती श्रोत्यांची कथा आहे. बँड थांबला तरी धून थांबली नाही. १९९० मध्ये आयर्लंडचा फुटबॉल संघ पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा संघासाठी केलेल्या गाण्यात ‘डिअरग डूम’ची तीच धून वाजली आणि सगळा देश तिच्यावर नाचला. दरम्यान त्यांच्या गाण्यांचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले होते. ते परत मिळवायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि १९९९ मध्ये गाणी पुन्हा त्यांच्या मालकीची झाली. मग २००४ मध्ये डेरी शहरात तीन चाहत्यांनी एक प्रदर्शन मांडलं. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी इतकी वर्षं जपलेली भित्तिपत्रकं, तिकिटं, कपडे, छायाचित्रं. उद्घाटनाला बँडचे पाचही जण आले, आणि साधी वाद्यं घेऊन काही गाणी वाजवली. त्याच वर्षी त्यांचा नवा अल्बम आला. २००९ च्या डिसेंबरात बेलफास्ट आणि डब्लिनच्या भल्या मोठ्या सभागृहांत ते पुन्हा उभे राहिले. चोवीस वर्षं मुका असलेला बँड चाहत्यांच्या कपाटांतल्या कागदांनी बोलता झाला.

इथं आपण कमी पडतो, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मंडळांकडे प्रतिभा आहे, चाली आहेत, पन्नास-साठ वर्षं अखंड चाललेली कारकीर्द आहे. नोंद नाही. शाहीर गेला की त्याच्या गाण्यांच्या वह्या माळ्यावर जातात आणि कोकणातला पाऊस नि वाळवी मिळून चार-सहा वर्षांत त्यांचा चोथा करतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत निघालेल्या कॅसेटी बुरशीनं गेल्या. आता बाऱ्या यूट्यूबवर दिसतात, पण पुष्कळदा ना मंडळाचं नाव, ना गीत रचणाऱ्याचं, ना गावाचं, ना सालाचं. थिबा राजवाड्यात दर वर्षी संगीत महोत्सव भरतो, सावरकर नाट्यगृहात नाटकं होतात, रत्नागिरीला कलेची जाण आहे. तीच आस्था जाखडीच्या वाट्याला यायला हवी. नाहीतर उद्या एखाद्या संशोधकाला गुहागरच्या शाहिरावर लिहायचं झालं तर हातात आठवणींपलीकडे काही लागणार नाही.

हे काम कोणा एका खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. ज्या माणसांनी आयुष्यभर पदरचे घातले, त्यांच्यासाठी आपण थोडे पदरचे घालावेत. तुमच्या घरी शाहीर आजोबांची वही असेल तर तिच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा. जुन्या हँडबिलांच्या मागे साल लिहा. फोटोत कोण कोण आहे ते, सांगणारं माणूस जिवंत आहे तोवर, विचारून नावं टाका. बारीचं चित्रीकरण करत असाल तर आधी मंडळाला विचारा, आणि गीतकाराचं नाव पडद्यावर द्या. शक्ती-तुऱ्याचं तिकीट असेल तिथं तिकीट काढूनच आत जा. फुकटचा पास मागू नका. आणि येत्या गणपतीत मंडळ तुमच्या अंगणात आलं, तर उठून जाऊ नका. पहिल्या गणापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बसा, जमेल तेवढं बक्षीस द्या, आणि सकाळी मंडळाचं नाव, गावाचं नाव, शाहिराचं नाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा.